बत्तीस इंचांची बासरी

होस्टेलमध्ये मला हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "तुझ्याकडे इतक्या बासऱ्या कशाला रे?" गिटारवाल्याकडे एक गिटार असते, तबलेवाल्याकडे एक जोडी असते, आणि माझ्या कपाटात पाच बासऱ्या! मेसच्या काकांनी तर एकदा "विकायला बसतोस का जत्रेत?" असंही विचारून घेतलं. दरवेळी जिन्यात उभं राहून उत्तर देण्यापेक्षा ते एकदा सविस्तर लिहून टाकावं असं ठरवलं. उत्तरात थोडं फर्स्ट इयरचं फिजिक्स आहे, थोडी हार्मोनियम आहे, आणि बरेचसे पन्नालाल घोष आहेत. बासरीवर प्रेम करणं म्हणजे एका बासरीवर प्रेम करून भागत नाही, हे मला त्यांच्यामुळे समजलं.

आधी फिजिक्स. बासरी ही दोन्ही बाजूंनी उघडी नळी. एका टोकाला बूच असतं हे खरं, पण ज्या भोकात आपण फुंकतो ते उघडंच असतं, म्हणून हिशेबात ते उघडं टोक. अशा नळीचा सूर म्हणजे हवेतला ध्वनीचा वेग भागिले नळीच्या लांबीची दुप्पट. लांबी वाढवली की सूर खाली, कमी केली की वर. बोटांनी भोकं उघडायची म्हणजे नळी तिथे 'कापायची', एवढंच आपण करत असतो. जोरात फुंकलं की तीच नळी बरोबर एक सप्तक वर बोलते. क्लॅरिनेट एका बाजूने बंद असल्यासारखी वागते, म्हणून ती सप्तक सोडून थेट बाराव्या सुरावर उडी मारते. व्हायवाला विचारलं तर उपयोगी पडेल.

आपल्याकडच्या सहा भोकांच्या बासरीत वरची तीन भोकं बंद केली की 'सा' येतो. सहाही बंद केली की मंद्र पंचम, म्हणजे खालचा 'प'. सगळी उघडली की तीव्र मध्यम. शुद्ध मध्यम हवा असेल तर सगळ्यांत वरचं भोक अर्धं झाकायचं. कोमल स्वर सगळे असेच अर्ध्या-पाव भोकांतून काढायचे.

आता गंमत अशी की सतारीचा सूर उतरला तर खुंटी पिळता येते, हार्मोनियमवाला पट्टी बदलून दुसऱ्या काळी-पांढरीवर जातो. बासरीत तापलेल्या सळईने एकदा भोक पाडलं की विषय संपला. त्या बांबूचा 'सा' जन्मभर तोच. गायक म्हणाला, "मी काळी एकमध्ये गातो," तर काळी एकची बासरी काढा. बाई काळी चारमध्ये गाणार असतील तर तेवढीच छोटी काढा. बारा पट्ट्या म्हणजे किमान बारा बासऱ्या, आणि व्यावसायिक वादक तर एकाच पट्टीच्या दोन-तीन बाळगतात. कारण हवा. तापमान १० अंशांनी वाढलं तर ध्वनीचा वेग, आणि म्हणून सूर, साधारण पावणेदोन टक्के चढतो. एका अर्ध्या स्वराचं अंतर सुमारे सहा टक्के आहे, म्हणजे हा फरक त्याच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त झाला. डिसेंबरमध्ये टेरेसवर पहाटे जुळलेली बासरी मे महिन्याच्या दुपारी तानपुऱ्याशी भांडते. मोबाइलवरच्या ट्यूनरने कुणीही हे तपासून बघावं.

तर बासऱ्या पाच का, याचं अर्धं उत्तर इथे संपलं. उरलेलं अर्धं जास्त महत्त्वाचं आहे. प्रत्येक लांबीच्या बासरीचा स्वभावच वेगळा असतो. आखूड बासरी तीक्ष्ण, चपळ; लोकगीताला, धुनेला, लावणीच्या एखाद्या तुकड्याला झकास. पण तिच्यावर दरबारीचा आलाप करून बघा. खर्जच नाही, तर गंभीरपणा आणणार कुठून? विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत उत्तर हिंदुस्थानी संगीतात बासरीचं दुखणं नेमकं हेच होतं. भजनाला चालते, नाटकाला चालते, सिनेमाला चालते, पण मैफिलीत सतार-सरोद-बीनेच्या शेजारी बसून तासभर राग मांडायचं वाद्य म्हणून तिला कुणी धरत नव्हतं. (दक्षिणेत चित्र वेगळं होतं. कुंभकोणमच्या शरभ शास्त्रींनी, जे १९०४ मध्येच वारले, कर्नाटक संगीतात बासरीला कचेरीचं वाद्य करून ठेवलं होतं.)

हे चित्र बदललं ते पन्नालाल घोष यांनी. जन्म १९११, गाव बारिसाल, आता बांगलादेशात. वडील अक्षयकुमार सतार वाजवत, आजोबांकडे धृपद होतं. लहानपणी नदीत वाहत आलेली अर्धी काठी, अर्धी बासरी अशी एक लांब वस्तू त्यांना सापडली, अशी गोष्ट सांगतात. खरी असो वा नसो, पुढे जे घडलं त्याला शोभणारी आहे. तरुणपणी व्यायाम आणि बॉक्सिंगचा नाद होता. मला हे वाचून फार बरं वाटलं, कारण बासरी म्हणजे नाजूक मंडळींचं काम हा समज आमच्या जिमवाल्या मित्रांमध्ये घट्ट आहे. सतारवाला वाजवताना हवा तेव्हा श्वास घेतो. आमचा श्वास हेच वाजवणं. विलंबितात एक लांब स्वर शेवटपर्यंत न हलता धरायचा तर छाती लागते.

पुढे कलकत्त्याला येऊन ते न्यू थिएटर्समध्ये रायचंद बोराल यांच्या वाद्यवृंदात वाजवू लागले. तिथेच हार्मोनियमचे उस्ताद खुशी मोहम्मद खाँ यांच्याकडे आणि नंतर गिरिजाशंकर चक्रवर्ती यांच्याकडे शिक्षण झालं. १९३८ मध्ये सरायकेला संस्थानच्या छाऊ नृत्य पथकाबरोबर युरोपात जाऊन आले. १९४० मध्ये मुंबई. पत्नी पारुल घोष या संगीतकार अनिल विश्वास यांच्या बहीण आणि स्वतः नावाजलेल्या पार्श्वगायिका. धाकटे भाऊ निखिल घोष हे मोठे तबलावादक. 'बसंत' (१९४२) या गाजलेल्या चित्रपटाचे संगीतकार म्हणून पन्नालाल घोष यांचं नाव आहे. म्हणजे कामाची वानवा नव्हती.

हे सगळं चालू असताना या माणसाच्या डोक्यात एक प्रश्न होता, आणि तो सरळ सरळ डिझाइनचा प्रश्न आहे: ख्याल गाणाऱ्याच्या गळ्यात जे जे येतं ते बासरीतून येण्यासाठी नळी कशी हवी? त्यांनी धातूच्या नळ्या घेतल्या, लाकूड घेतलं, प्लास्टिकसुद्धा घेतलं. लांब्या बदलल्या. शेवटी बांबूवरच आले, आणि जी बासरी ठरली ती ३२ इंचांची, पट्टी काळी दोन.

हा आकडा मी कागदावर तपासून पाहिला. काळी दोनचा सा सुमारे ३११ हर्ट्झ. सहा भोकं बंद केल्यावरचा मंद्र पंचम २३३ हर्ट्झ. ध्वनीचा वेग २७ अंशांना ३४७ मीटर धरला तर नळीची लांबी येते ७४ सेंटिमीटर, म्हणजे २९ इंचांच्या वर थोडी. टोकाशी आणि मुखरंध्रापाशी हवेचा स्तंभ नळीच्या थोडा बाहेरही हलतो, म्हणून प्रत्यक्ष लांबी काही सेंटिमीटर कमी लागते. उलट बुचाकडचा तुकडा मिळवावा लागतो, आणि खाली आणखी एक भोक पाडायचं असेल (त्याविषयी पुढे) तर नळी आणखी लांबते. गोळाबेरीज बत्तीसच्या आसपास. पन्नाबाबूंनी हे कानाने गाठलं, सूत्राने नाही.

धातू सोडून बांबू का, हा प्रश्न मात्र वाटतो तितका सोपा नाही. सगळे म्हणतात, 'बांबूचा आवाज गोड.' पण १९७१ मध्ये जॉन कोल्टमन या अमेरिकन संशोधकाने चांदी, तांबं आणि लाकूड अशा तीन नळ्या, मुखाचा भाग मात्र एकसारखा ठेवून, पडद्यामागून वाजवल्या. ऐकणाऱ्यांना फरक ओळखता आला नाही. आवाज घडतो तो आतल्या हवेत. नळीचा आतला व्यास, फुंकायच्या भोकाची कड आणि भोकांचे आकार यांवर तो ठरतो. मी आणि माझ्या रूम पार्टनरने पाऊण इंची पीव्हीसी पाइपची बासरी केली आहे. ती ऐकून एका सरांनी विचारलं, "बांबू कुठून आणलास?" मग बांबूच का? मला वाटतं, कारण हातातलं आहे. बत्तीस इंची धातूची नळी जड होते, थंडीत ओठांना गार लागते, आत वाफेचे थेंब जमतात. बांबू हलका, आणि बोट त्यावरून घसरताना जी पकड मिळते ती गुळगुळीत पत्र्यावर मिळत नाही. हे माझं मत, कोल्टमनचं नव्हे.

एवढा लांब, मध्ये पेर नसलेला बांबू मिळणं हीही सोपी गोष्ट नाही. आजही बासरीवाले आसामकडचा पातळ भिंतीचा बांबू शोधतात. तो वाळवावा लागतो, तडकू नये म्हणून जागोजागी दोरा गुंडाळतात. नळी लांब झाली की भोकांमधली अंतरंही त्याच प्रमाणात वाढतात, बोटांची टोकं पुरत नाहीत, पेरं आडवी टाकून भोकं झाकावी लागतात. पहिल्या महिन्यात मनगट इतकं दुखतं की शीट मेटलचा जॉब परवडला.

आता ते सातवं भोक. यमन घ्या. त्यात तीव्र मध्यमावरून पंचमावर सरकत जायचं असतं, दोन्ही सुरांच्या मध्ये कुठेही न तुटता. त्यालाच मींड म्हणतात. गायकाला ते सहज येतं. सहा भोकांच्या बासरीवर मात्र मध्य सप्तकात इथेच खिंड पडते. तीव्र मध्यम म्हणजे सगळी भोकं उघडी. पंचम म्हणजे सगळी बंद आणि फुंक जोरात. म्हणजे एका सुरावरून शेजारच्या सुरावर जायला सहा बोटं एकदम खाली आणायची आणि त्याच क्षणी फुंक बदलायची! उडी मारता येते, सरकता येत नाही. पन्नाबाबूंनी खालच्या टोकाकडे, करंगळीला पोचेल असं, आणखी एक भोक पाडलं. आता सातही बंद केली की मंद्र सप्तकात पंचमाच्याही खालचा तीव्र मध्यम मिळतो, आणि तीच बोटं ठेवून जोरात फुंकलं की मध्य सप्तकातला तीव्र मध्यम. करंगळी हळूहळू बाजूला सरकवा, सूर न तुटता पंचमावर जातो. एका भोकाने दोन कामं केली: खाली एक स्वर वाढला आणि खिंडीवर पूल झाला.

हा उपाय किती साधा आहे हे कळायला युरोपातला दुसरा उपाय पाहावा. थिओबाल्ड बोहेम हा म्युनिकचा सोनार आणि बासरीवादक. त्याने १८३२ मध्ये आणि मग १८४७ मध्ये बासरीची फेररचना केली. त्याचा विचार असा: ध्वनिशास्त्राप्रमाणे भोकं जिथे आणि जेवढी मोठी हवीत तिथे तेवढी पाडायची, बोटं पोचत नसतील तर तरफा आणि चाव्या बसवायच्या. आपल्यासारख्यांना त्या यंत्रणेकडे पाहूनच प्रेमात पडायला होतं. एकाच बासरीवर बाराही स्वर सारख्या स्पष्टपणे येतात, पट्टी बदलायला दुसरी बासरी लागत नाही. पण बंद झाकणांच्या चाव्यांखाली भोक असतं एक तर उघडं, नाही तर बंद. बोट आणि भोक यांच्या मध्ये यंत्र आलं की पाव भोक, अर्धं भोक, भोकावरून बोट ओढणं हे सगळं गेलं किंवा फार अवघड झालं. (भोकाच्या चाव्यांची बासरीही निघाली, पण तिथेही मींड काढायला वादकाला कसरत करावी लागते.) पन्नाबाबूंना हवी होती मींड. म्हणून त्यांनी नळीला काहीही जोडलं नाही, फक्त लांबी आणि एक भोक बदललं. आणि पट्टी बदलण्याची सोय गेली ती गेलीच. बासऱ्यांची पिशवी ही त्या निवडीची किंमत आहे. मला ती योग्य वाटते.

पण वाद्य तयार झालं म्हणजे संगीत तयार झालं असं नाही. १९४७ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, मुंबईत नाव झालेलं असताना, पन्नालाल घोष मैहरच्या उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडे शिकायला गेले. आपल्याकडे फायनल इयरला गेलेला मुलगा सेकंड इयरच्या पोराला शंका विचारत नाही. इथे चित्रपटाचा संगीतकार शिष्य होऊन बसला. खाँसाहेबांची तालीम कडक, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. यानंतरचं त्यांचं वादन म्हणजे आज आपण ज्याला बासरीची गायकी म्हणतो ते: सावकाश चढत जाणारा आलाप, विलंबित ख्याल, खर्जातलं ठेहराव घेतलेलं काम. दीपावली, चंद्रमौली, नूपुरध्वनी असे नवे रागही त्यांनी बांधले. १९५६ मध्ये आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाद्यवृंदाचे संचालक म्हणून दिल्लीला गेले. त्याच वर्षीच्या 'बसंत बहार'मध्ये लताबाईंच्या एका गाण्याबरोबर जी बासरी बोलते ती त्यांचीच. आणि २० एप्रिल १९६० रोजी हृदयविकाराने गेले. वय अठ्ठेचाळीस. खाँसाहेबांकडे गेल्यापासून मोजली तर अवघी तेरा वर्षं. ध्वनिमुद्रणं थोडी आहेत आणि बरीचशी त्या काळच्या तांत्रिक मर्यादांतली. मी यमन आणि दरबारी हेडफोन लावून ऐकतो, तेव्हा खरखरीच्या मागून तो मंद्र सूर येतो आणि मेसची वेळ टळते.

त्यांच्यानंतर काय झालं, तर लांब बासरी सगळ्यांनी घेतली, सातवं भोक सगळ्यांनी घेतलं नाही. त्यांचे शिष्य आणि जावई देवेंद्र मुर्डेश्वर यांनी ती परंपरा मुंबईत चालवली, पुण्यात केशव गिंडे यांनी. दुसरीकडे पंडित हरिप्रसाद चौरसिया सहा भोकांवर वाजवतात. अलाहाबादच्या पैलवानाचा मुलगा, १९५७ मध्ये कटक आकाशवाणीत नोकरीला लागला, आणि मुंबईत नाव झाल्यावर अन्नपूर्णादेवींकडे, म्हणजे त्याच अल्लाउद्दीन खाँसाहेबांच्या कन्येकडे, पुन्हा मुळापासून शिकायला गेला. उजवीकडे धरायची बासरी डावीकडे धरून त्यांनी सगळं नव्याने सुरू केलं, हे ते स्वतःच सांगत आले आहेत. ओठ, बोटं, सवयी सगळं उलटं! दोन मोठे बासरीवादक, दोघेही नाव झाल्यावर पुन्हा विद्यार्थी झालेले, आणि दोघेही एकाच घरात. सहा की सात, यावर बासरीवाले तासन्तास वाद घालतात. सहा भोकांची बासरी हातात मोकळी राहते, करंगळी ताणावी लागत नाही, द्रुत लयीत ती पळते हे खरं. पण यमन, पूरिया धनाश्री, श्री अशा रागांत मी सातचीच घेतो.

थोडक्यात कपाटातल्या पाच जणींची ओळख: काळी दोनची सात भोकांची, सकाळच्या रियाजाची. पांढरी तीनची सहा भोकांची, सगळ्यांत जास्त वाजणारी. काळी चारची, गॅदरिंगमध्ये मुली गातात तेव्हाची. एक दाक्षिणात्य वेणू, आठ भोकांची, आखूड आणि जाड भिंतीची. तिचा सूर इतका ठाशीव की रेक्टर दोन मजले खालून ओळखतात. आणि पाचवी पीव्हीसीची.

नव्याने शिकायचं असेल तर पन्नाबाबूंचं ऐकून पहिल्याच दिवशी बत्तीस इंची घेऊ नका, बोटं पोचणार नाहीत आणि महिन्याभरात ती खुंटीला टांगली जाईल. पांढरी पाच किंवा काळी चारच्या आसपासची मध्यम घ्या. दुकानात ट्यूनर लावून सा, मंद्र प आणि वरचा सा तपासा. दोन्ही सा एका सप्तकाच्या अंतरावर नीट जुळत नसतील तर ती परत ठेवा, मग तिला कितीही रंगीत गोंडे असोत. आणि पीव्हीसीची स्वतः करून बघायची असेल तर रविवारी तिसऱ्या मजल्यावर या. पाइप, बूच, कानस आणि हँड ड्रिल आमच्याकडे आहे. भोक आधी लहान पाडायचं, वाजवून बघायचं, मग कानशीने वाढवत न्यायचं. मोठं केलं की सूर चढतो, चढलेला उतरवायचा तर मेण लावून बसावं लागतं.